मिक्सर किती वाजता लावू?

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

शेजारच्या इमारतीतल्या वहिनींनी असं म्हटलं की समजावं, प्रश्न एक नसून निदान चार आहेत आणि रागावलं तरी ते विचारले जाणारच आहेत. आमच्या दोन इमारतींच्या मध्ये छातीएवढी कंपाउंडची भिंत आहे. त्यांच्याकडे तगर, आमच्याकडे पाण्याचा पंप. दोघींचीही घरं तळमजल्यावर. शिवाजी पार्कात मोठमोठी माणसं राहून गेली, त्यांच्या नावांचे चौक झाले. पण इथला रोजचा कारभार असल्या भिंतींवरूनच चालतो.

"विचारा की."

"भावजींची तब्येत ठीक आहे ना?"

"त्यांना काय धाड भरलीय?"

"नाही हो, परवा रात्री मागच्या खोलीत एकटेच टाळ्या वाजवत होते. मला आधी वाटलं, आरती. पण आरती करणारा माणूस कोपरे बदलत नाही. आणि काल दुपारी सुनेला मधोमध खुर्चीत बसवलेलं आणि हे आपले भिंतीवरून हातआरसा फिरवतायत. ती ओरडली, 'दिसला बाबा, दिसला!' माझ्या पोटात गोळाच आला. कोण दिसला?"

"स्पीकर," मी म्हटलं.

आता सगळं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नाहीतर संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर आमच्या घरात कोणाकोणाचा संचार झाला असता, देव जाणे.

आमची सून पुस्तकं वाचते. म्हणजे मोठ्याने वाचते आणि त्याचे तिला पैसे मिळतात. वहिनींनी हे दोनदा विचारून घेतलं. 2017 मध्ये स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं ते मराठीला बरोबर घेऊनच, तेव्हापासून हा धंदा आपल्याकडे बरा चालू लागला. मग 2020 ची टाळेबंदी आली, स्टुडिओंना कुलपं लागली आणि आवाजावर पोट असणाऱ्या सगळ्यांनीच घरात कोपरे शोधले. आमच्या सुनेने माझं साड्यांचं कपाट शोधलं. आत माइक, तिचं अर्धं अंग आत, पाठीवर रग. लटकणारे कपडे आवाज पितात म्हणे. माझ्या पैठणीला एक अख्खी रहस्यकथा पाठ असणार.

"आणि आता काम वाढलंय," मी म्हटलं, "भाड्याच्या स्टुडिओला तासावर पैसे मोजा, शिवाय जायचं अंधेरीला. म्हणून ह्यांनी ठरवलं, मागच्या खोलीचा स्टुडिओ करायचा. स्वतः."

"स्वतः म्हणजे?"

"स्वतः म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने. सुतार एकदा आला होता, माप घेऊन गेला तो गेलाच."

मागची खोली तुम्हांला माहीत नाही, पण कोणत्याही जुन्या घरातली मागची खोली डोळ्यांसमोर आणा. दहा फूट बाय आठ फूट, उंची भरपूर. ट्रंका, तांब्याचं घंगाळ, पाळणा आणि कोणाचं ते कोणालाच न आठवणारं एक स्टँड. हे सगळं बाहेर निघालं आणि रिकाम्या खोलीत ह्यांनी पहिली टाळी वाजवली. समोरासमोरच्या दोन नागड्या भिंती ती टाळी एकमेकींकडे टोलवत बसतात. टाळी एकच, पण तिच्यामागे 'टर्रर्र' असं शेपूट ऐकू येतं. माणूस बोलला की प्रत्येक शब्दाला ते शेपूट चिकटतं. माइकला ते आपल्या कानापेक्षा जास्त कळतं, कारण आपला मेंदू ते मायेने पोटात घालतो आणि माइकला मेंदू नाही. कोपरे बदलून टाळ्या वाजवायच्या त्या कुठे शेपूट लांब आहे ते पाहायला.

आरशाचंही तसंच. कामाच्या जागी एकाने बसायचं, दुसऱ्याने भिंतीला टेकवून आरसा सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात स्पीकर जिथे दिसेल, बरोबर त्या ठिकाणी स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून त्याच्या कानाशी येतो. उजेड आणि आवाज, दोघांचाही उलटून परत यायचा नियम एकच. तिथे पेन्सिलीची फुली मारायची आणि मऊ काहीतरी लावायचं.

"म्हणजे तसलं काही नाही तर," वहिनी किंचित हिरमुसल्या. मग लगेच सावरून म्हणाल्या, "पण त्या गोधड्या? चार गोधड्या मी मोजल्या. एक तुमच्या सासूबाईंची, ती चौकडीची."

इथे मला प्राध्यापक सबाइन काढावे लागले. ह्यांनी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा काढलेत की मला ते चुलत सासरे वाटू लागलेत. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात बोललेलं कोणालाच कळेना. तोंडातून निघालेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. 1895 मध्ये विद्यापीठाने तिथल्या वॉलेस सबाइन नावाच्या तरुण शिक्षकाला सांगितलं, बघा बुवा काय ते. त्याने काय करावं? जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि घड्याळ लावून आवाज किती वेळात मरतो ते मोजायचं. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज खातात आणि रोजचे कपडे वेगळे म्हणून आकडे हलतायत. झालं, ती सगळी मोजणी फेकून दिली आणि पुढे कायम एकच कोट, एकच पँट. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही जगभर वापरतात. 1900 मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल हे त्या गणितावर बांधलेलं पहिलं सभागृह.

"रोज तेच कपडे?" वहिनींनी सूत्र सोडून नेमकं तेच पकडलं. "बायको काय म्हणाली?"

"लग्न 1900 मध्ये झालं त्यांचं."

"तरीच."

तर गोधड्या त्यासाठी. आणि खरं सांगते, चांगली सहा-सात पदरी गोधडी भिंतीपासून चार बोटं लांब टांगली तर वाचनाच्या कामाला ती बरीच पुरते. बाजारातला तो करड्या रंगाचा पातळ, टोकाटोकाचा फोम आहे ना, त्याच्यापेक्षा माझ्या सासूबाईंची गोधडी काकणभर सरस ठरली. हे मी नाही, सुनेचा कॉम्प्युटर म्हणाला.

"मग एवढं सगळं कशाला? अंड्याचे ट्रे लावायचे. आमच्या भाच्याने लावले होते. सगळीकडे तेच दाखवतात."

ट्रे! प्रत्येक माणूस, अगदी प्रत्येक, हेच सांगतो. आमचा दूधवालासुद्धा. ते आहेत कागदाच्या लगद्याचे. फार तर वरच्या पट्टीतला थोडासा आवाज खातात, खालच्या पट्टीला ते दिसतही नाहीत, आणि बाहेरचा आवाज अडवण्याच्या बाबतीत शून्य. शिवाय काडी लागली की भडकतात. आणि मुंबईत भिंतभर पुठ्ठा लावणं म्हणजे झुरळांना जागेचा ताबा देणं. तो स्वस्तातला फोम तर पेटला की विषारी धूर सोडतो. बंद खोली, आत आपलं माणूस, डोक्यावर हेडफोन. मी ह्यांना साफ सांगितलं, तो फोम या घरात राहणार नाही.

मुळात लोकांची गल्लत होते ती इथेच. कामं दोन आहेत आणि ती एकमेकांची तोंडं पाहत नाहीत. आतला आवाज घुमू न देणं हे एक; त्याला जाड, मऊ, हवा खेळणारी वस्तू लागते. बाहेरचा आवाज आत न येऊ देणं हे दुसरं. त्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. गोधडीने टाळीचं शेपूट कापता येतं, पण गल्लीच्या तोंडाशी नव्या टॉवरची पायाभरणी चाललीय, तिथलं मशीन गोधडीला भीक घालत नाही.

पहिल्या कामासाठी ह्यांनी पाइनच्या पट्ट्यांच्या चौकटी ठोकल्या, दोन बाय चार फुटांच्या, कारण रॉकवूलच्या लाद्या जवळजवळ त्याच मापात येतात. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात, त्याची ही लोकर. पेटत नाही हा तिचा मोठा गुण. 50 मिलिमीटर जाडीच्या दोन लाद्या एकावर एक, घनमीटरला 48 किलोवाल्या. वरून मांजरपाट. कापड घेताना ह्यांनी मंगलदास मार्केटात एकेक ठाण तोंडाला लावून फुंकर मारून पाहिली. फुंकर पलीकडे गेली तर आवाजही जातो आणि आतली लोकर त्याला खाते; फुंकर अडली तर ते कापड निकामी. दुकानदाराने काय समजायचं ते समजून घेतलं. मी साड्यांच्या बाजूला जाऊन अनोळखी झाले.

"आणि ती खाज?" वहिनींना खाजेचं कळलं होतं. त्यांना काय कळत नाही?

रॉकवूल कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क हवाच, आणि काम झाल्यावर ते कपडे वेगळे धुवायचे. ह्यांनी पहिल्या दिवशी बनियनवर कापलं. पुढचं वर्णन नको.

चौकटी भिंतीला चिकटवायच्या नाहीत, दोन-तीन इंच अंतर ठेवायचं. एक तर त्यामुळे खालच्या पट्टीतला आवाज जरा जास्त पकडला जातो. दुसरं कारण पुस्तकात नसतं, ते समुद्रापासून पाच मिनिटांवर राहणाऱ्याला कळतं: पावसाळ्यात आमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते. चिकटवलं असतं तर श्रावणापर्यंत मागे बुरशीचं जंगल उगवलं असतं.

खालच्या पट्टीचं मात्र ह्यांनी डोक्यात घेतलं. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा सूर अडकून फुगतो, आठ फुटांत 70 चा. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबीच जवळजवळ साडेतीन मीटर. तिला चार इंचांच्या लोकरीने काय होणार? म्हणून कोपऱ्यांतून जमिनीपासून छतापर्यंत जाड खांब भरायचे, कारण हे सूर कोपऱ्यांत साठतात. पंधरवडाभर घरात छप्पन्न-छप्पन्न चाललं होतं. शेवटी सून म्हणाली, "बाबा, माझा आवाज 165 च्या खाली क्वचितच जातो. मी वाचते, बास गिटार वाजवत नाही." दोन कोपऱ्यांवर निभावलं. वाचनाच्या खोलीला वाद्यांच्या खोलीइतका खर्च करू नये, हे मी न शिकताच सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही.

आता दुसरं काम. आमच्या जुन्या इमारतींच्या भिंती नऊ इंची विटांच्या, दोन्ही बाजूंनी प्लास्टर. असली भिंत पन्नासेक डेसिबल आवाज सहज अडवते. नव्या टॉवरमध्ये एवढी भिंत मागितली तर बिल्डर चहा न पाजता घालवून देईल. पण भिंतीचा सगळा पराक्रम दार-खिडकीत वाया जातो. भिंतीच्या शंभराव्या हिश्शाएवढं उघडं भोक राहिलं तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी एकूण 20 डेसिबलच्या वर काही अडत नाही. पोकळ फ्लश डोअर आणि त्याच्याखाली बोटभर फट, म्हणजे दार नसल्यातच जमा.

"म्हणून तो दरवाजा!" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, जुन्या वस्तू विकताय."

विकत नव्हतो, आणत होतो. पलीकडच्या रस्त्यावरची एक इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, तिचा सागवानी दरवाजा. दोन माणसांनी उचलला, तिसऱ्याने देवाचं नाव घेतलं. चारी बाजूंना रबरी पट्टी आणि खाली उंबरठा. पूर्वी प्रत्येक खोलीला उंबरठा असायचा. ठेच लागते म्हणून सगळ्यांनी काढले आणि आता तोच परत बसवायला पैसे मोजले. खिडकीला आतून दुसरी काच, पहिलीपेक्षा जाड, मध्ये जमेल तेवढं अंतर, कडांना सिलिकॉन. या खिडकीने माझं मन जिंकलं. पार्कातली लाल धूळ त्या खोलीत येत नाही! इतकी वर्षं अर्ज, निवेदनं, पाण्याचे फवारे, तज्ज्ञांच्या भेटी झाल्या. आमच्या घरापुरता प्रश्न सिलिकॉनच्या दोन नळ्यांनी सोडवला.

वायरिंगला मात्र ह्यांना हात लावू दिला नाही. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसलं की रेकॉर्डिंगमध्ये 50 हर्ट्झची गुणगुण येते. त्यासाठी लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलावला. भिंतही एक इंच पाडली नाही. सत्तर-ऐंशी वर्षांच्या घरात कुठली भिंत कोणाला धरून उभी आहे हे विचारल्याशिवाय हातोडा उचलू नये, आणि सोसायटीचा कागद आधी घ्यावा.

"पण आपण तर सायलेन्स झोनमध्ये राहतो ना?" वहिनींनी हे इतक्या निरागसपणे विचारलं की दोघी हसलो. उच्च न्यायालयाने 2010 मध्ये पार्काला शांतता क्षेत्र ठरवलं. नियमाने दिवसा 50 डेसिबल, रात्री 40. मैदान 1925 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. या शंभर वर्षांत तिथे कोणी कुजबुजल्याचं ऐकिवात नाही. पहाटे हास्यक्लब, मग सीझन बॉलचा ठक्‌ठक् सराव, दसऱ्याची सभा, पाडव्याची सभा, बंगाली मंडळींच्या पूजेचे ढाक, जानेवारीत संचलनाच्या तालमी. एक उपकार आहे, दादरला रिक्षा नाहीत. आणि मे महिन्यात कोकीळ. त्याला नोटीस कोण बजावणार?

सुनेच्या कामाला एक अट असते: माणूस गप्प असताना रेकॉर्डिंगमध्ये उरणारी कुरकुर उणे 60 डेसिबलच्या खाली हवी. ऑडिबल या तसल्याच ॲपवाल्यांचा हाच आकडा आहे. एवढं सगळं करूनही तो आकडा काही हलेना. मग लक्षात आलं, उरलेले आवाज बाहेरचे नाहीत, आपलेच आहेत. पंखा. तो बंदच ठेवायचा. एसी आधी लावून खोली गार करायची, मग बंद करून वाचायचं, घामाने पान ओलं झालं की थांबायचं. फ्रिज. तो वाचनापुरता बंद, आणि घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये, म्हणजे बाहेर पडताना तो सुरू करायची आठवण होतेच. ही युक्ती रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी आहे. मी गार किल्ल्या घेऊन बाजारात जाते.

आणि वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या. वरून येणाऱ्या ठोक्याला गोधडी, रॉकवूल, सागवान कोणीच पुरत नाही. तो स्लॅबमधूनच खाली उतरतो. त्यासाठी खाली दुसरं छत टांगायचं तर खर्च डोळे पांढरे करणारा. ह्यांनी पार्कातल्या मुलांकडून टेनिसचे जुने बॉल मागून आणले, चिरे पाडले आणि वरच्या काकूंच्या जेवणाच्या टेबलाखुर्च्यांच्या पायांत घालून आले. काकू खूश, त्यांची फरशी वाचली. त्या बदल्यात आम्हांला दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी येते. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक गोष्ट हीच ठरली, हे ह्यांना फारसं आवडलेलं नाही.

"आमचे सासरे असते तर," वहिनी भिंतीवर कोपरं टेकवत म्हणाल्या, "भावजींना मांडीवर घेतलं असतं. व्हायोलिन वाजवायचे. दादरची बॉम्बे लॅब, ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस. एका हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं, गोव्याचे वादक निम्मे, मध्ये एका खोपट्यात गाणारी. पंखे बंद. एकाचा सूर घसरला की सगळ्यांनी पहिल्यापासून. घरी यायचे ते शर्ट पिळून."

लता मंगेशकरांनी 'महल'च्या त्या प्रसिद्ध गाण्याची आठवण सांगितली होती, तीही निघाली. 1949 चा चित्रपट. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं. तर त्या खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात-गात माइककडे चालत आल्या. तेव्हा खोली वापरून घेत होते. आम्ही खोलीने गप्प बसावं म्हणून एवढे पैसे घातले.

"मग आता माझ्यापासून काय त्रास आहे, ते सांगून टाका," वहिनी म्हणाल्या. शेजारीण शहाणी असली की असं होतं.

"मिक्सर," मी म्हटलं. "तुमचा ओटा आमच्या त्या खोलीच्या बरोबर समोर. सकाळी दहाला चटणी सुरू होते आणि कादंबरीतल्या नायिकेचा जीव जाताना मागे खोबरं वाटलं जातं."

"किती वाजता लावू?"

"नऊच्या आत, नाहीतर साडेबारानंतर."

त्यांनी मनाशी डब्यांचा हिशेब केला. "चालेल. पण मग रविवारी ती खोली आमच्या नातवाला. तबल्याला. घरी वाजवला की त्याचे आजोबा कानात कापूस घालतात."

मी हो म्हणून बसले. आत जाऊन ह्यांना सांगितलं तर हे खुर्चीतून उठलेच. तबला म्हणजे नुसता तबला नव्हे, डग्गाही. त्याची घुमक हवेतून कमी, जमिनीतून जास्त जाते. ती भिंत चढून वर काकूंच्या पलंगापर्यंत पोचणार आणि खिचडी बंद होणार. त्यावर उपाय म्हणजे जाड रबरावर तरंगती लाकडी फळी, तिच्यावर मुलाने बसायचं. रबर कसलं, किती जाड, माणूस आणि डग्गा मिळून वजन किती, सगळं मोजावं लागणार.

आता सकाळपासून हे टेप घेऊन भिंतीपाशी उभे आहेत आणि पलीकडे ओरडून विचारतायत, "वहिनी, नातवाचं वजन किती?"